आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करताना देव जाणवत नाही, तेव्हा काय करावं?

गुरुवारची_प्रार्थना

सर्वांना जय ख्रिस्त. मंडळीतल्या एका आजींचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. केमो थांबवली आहे, घरीच मॉर्फिनवर ठेवलं आहे. दर गुरुवारी चार-पाच जण त्यांच्याकडे प्रार्थनेला जातात. क्रम नेहमीचाच: दोन गीतं, शास्त्रपाठ, थोडं मनन, मग प्रत्येकाची प्रार्थना. पाऊण तास सहज होतो. आता आजी म्हणतात, "तुम्ही असता तोवर बरं वाटतं, पण देव या खोलीत आहे असं काही वाटत नाही. माझं तर त्याच्यापुढं तोंडच उघडत नाही." रात्री जागणाऱ्या त्यांच्या सूनबाईंचंही तेच. अशा वेळी कोणते शास्त्रभाग घ्यावेत, भेटीचा क्रम बदलावा का, आणि "देव जाणवत नाही" याला उत्तर काय द्यायचं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

स्तोत्रवाचक

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याला उत्तर देऊ नका. आजी जे बोलल्या ते जवळजवळ शब्दशः बायबलमधल्या स्तोत्र 77 मध्ये आहे. चौथ्या वचनात स्तोत्रकर्ता आसाफ म्हणतो की देवा, तू माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीस आणि व्याकूळतेने मला बोलवत नाही. म्हणजे ज्याचं तोंड उघडत नाही त्याची तक्रारही प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात बसली आहे. आजींना एवढंच सांगा की तुम्ही म्हणालात ते इथं लिहिलेलं आहे, वाचू का? त्यांनी मान हलवली तरच वाचा.

वाचायचं कसं, हे महत्त्वाचं. स्तोत्राची 20 वचनं आहेत, ती एका दमात वाचू नका. पहिल्या गुरुवारी 1 ते 9 एवढीच. 7 ते 9 या तीन वचनांत सहा प्रश्न आहेत: प्रभू कायमचा टाकून देईल का, पुन्हा प्रसन्न होणार नाही का, त्याची दया आटली का, वचन खोटं ठरलं का, कृपा करायला तो विसरला का, रागाने त्याने कळवळा आवरून धरला का. प्रत्येक प्रश्नानंतर दोन श्वास थांबा. मधेच कोणी "नाही नाही, देव विसरत नाही" असं म्हणायचं नाही. सगळ्यात जास्त चूक इथंच होते. वाचणाऱ्यालाच त्या प्रश्नांची भीती वाटते, मग तो घाईघाईने पुढच्या "परमेशाची कृत्ये आठवीन" या भागावर उडी मारतो. आसाफाने ती उडी नऊ वचनांनंतर घेतली आहे. आजारी माणसाला त्या नऊ वचनांत आठवडे लागू शकतात.

पुढचा भाग आजी तयार असतील तेव्हा घ्या आणि शेवटची दोन वचनं सावकाश वाचा. देवाने इस्राएल लोकांना तांबड्या समुद्रातून पार नेलं, त्याची आठवण तिथं आहे. देवाची वाट समुद्रातून गेली, पण त्याच्या पावलांचे ठसे कुणाला दिसले नाहीत. लगेच पुढच्या वचनात, त्याने आपल्या लोकांना मोशे आणि अहरोन यांच्या हातून कळपासारखं नेलं. ठसे दिसत नाहीत, हात दिसतात, आणि ते माणसांचे. आजींच्या खोलीत ते हात म्हणजे रात्री कूस बदलून देणारी सून. हे तिला सगळ्यांच्या देखत सांगा, कारण देव कुठं आहे हा तिचाही प्रश्न आहे.

स्तोत्र 23 बहुधा त्यांना पाठ असेल. ते घेतलंत तर एक गोष्ट दाखवा. पहिल्या तीन वचनांत देवाबद्दल "तो" आहे: तो बसवतो, तो नेतो. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडतं त्या चौथ्या वचनात "तो" चा "तू" होतो: "तू माझ्याबरोबर आहेस." कुरणात असताना देवाविषयी बोलणं चालू होतं, दरीत त्याच्याशी बोलणं सुरू झालं. ताकद अगदीच कमी असेल त्या दिवशी हे तीन शब्द पुरेत. श्वास घेताना "तू", सोडताना "माझ्याबरोबर आहेस".

वॉर्ड_नंबर_सात

वरचं सगळं पटलं. पण पाऊण तास आणि पाच माणसं, हे आधी बदला. हाडांत पसरलेल्या आजारात पलंगाला धक्का लागला तरी कळ येते. पलंगावर बसू नका. खुर्ची घ्या, उशाच्या बाजूला, तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येतील अशी. उभं राहून खाली बघत केलेली प्रार्थना आजाऱ्याला वरून आल्यासारखी वाटते. खोलीत एका वेळी दोघं पुरेत, बाकीच्यांनी बाहेर घरच्यांजवळ बसावं. हात ठेवण्याआधी विचारा, आणि ठेवलाच तर कपाळावर किंवा तळहातावर, हलका. खांद्यावर, पाठीवर दाब नको.

वेळ डोसवर ठरवा. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन साधारण अर्ध्या ते एका तासात लागू पडतं आणि चारेक तास टिकतं. डोसनंतर तासाभराने गेलात तर दुखणं आवाक्यात असतं. पुढच्या डोसच्या तोंडावर गेलात तर आजी दात-ओठ खात तुमच्या "आमेन"ची वाट पाहत बसतील. एकूण भेट 15 मिनिटं, त्यात बोलून केलेली प्रार्थना दोन-तीन मिनिटं. मॉर्फिनने तोंड कोरडं पडतं म्हणून "तुम्हीही म्हणा" असा आग्रह नको. आधी सूनबाईंना ओल्या कापसाने ओठ पुसू द्या. गजरा, अत्तर, सेंट टाळा, वासाने मळमळतं. सर्दी-खोकला असेल तर फोनवरून प्रार्थना करा.

दोन गोष्टी फार बिघडवतात. एक, घरच्यांनी आजाराचं नाव किंवा आजार कुठवर गेला आहे हे आजाऱ्याला सांगितलेलं नसतं आणि प्रार्थनेत कोणीतरी ते बोलून जातं. आत जाण्याआधी दारातच विचारून घ्या: त्यांना काय माहीत आहे? दोन, प्रार्थनेची विनंती म्हणून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो फिरतो. परवानगीशिवाय नाव नको, रिपोर्ट तर कधीच नको.

बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांवर आपण टीका करतो, पण त्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोपर्यंत त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले तिथून चुकलं.

गुरुवारची_प्रार्थना

आभार. दारात विचारायचं हे आम्ही कधीच केलेलं नाही. अजून एक अडचण आहे. शेजारच्या एकदोघींनी आजींना "भोग आहेत, भोगूनच संपवायचे" असं सांगितलं. आपल्यातल्याही कोणी "काही कबूल करायचं राहिलंय का बघा" म्हटलं. आता त्या सारखं विचारतात, ही कशाची शिक्षा? आणि दुखणं सहन करणं म्हणजे क्रूस उचलणं, असं म्हणून त्या एखादा डोस टाळतात.

वसईचा_सेवक

डोसचं आधी, कारण ते आजच थांबवायला हवं. मॉर्फिन घड्याळाप्रमाणे घ्यायचं असतं. एक डोस चुकला की दुखणं चढतं आणि मग ते खाली आणायला जास्त औषध लागतं. क्रूस उचलणं म्हणजे उपलब्ध औषध नाकारणं, असं चर्चने कुठंही शिकवलेलं नाही. पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच डॉक्टरांपुढे स्पष्ट केलं होतं की वेदना शमवण्यासाठी गुंगी आणणारं औषध देणं योग्य आहे, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी. वधस्तंभावर येशूने बोळ (वेदना बधिर करणारा डिंक) मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही याचा दाखला लोक देतात. त्याने घेतला नाही हे खरं, पण आजाऱ्यांनी औषध घेऊ नये असं तो कुठंही म्हणाला नाही. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात तर जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतलेला आहे. गुंगी फार येत असेल किंवा भास होत असतील तर डोस टाळू नका, डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. कूस बदलायच्या किंवा आंघोळीच्या आधी जादा डोस द्यायचा का, हेही त्यांनाच विचारा.

शिक्षेबद्दल. योहान 9 मध्ये शिष्य नेमका हाच प्रश्न विचारतात: हा जन्मांध कुणाच्या पापामुळे, त्याच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय मोडून काढतो. मग खाली वाकून माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावतो. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, हेही त्याचेच शब्द. हे दोन भाग आजींना वाचून दाखवा, त्यावर प्रवचन नको. मात्र एक काळजी घ्या. त्यांच्या मनात खरंच एखादी जुनी गोष्ट सलत असेल, एखाद्या बहिणीशी अबोला वगैरे, तर "छे, तुम्ही कसल्या पापी" म्हणून ती उडवून लावू नका. पाळकसाहेबांना एकटं बसू द्या त्यांच्याजवळ. क्षमा मागणं वेगळं आणि आजाराला शिक्षा समजणं वेगळं. दोन्ही एकाच दिवशी बोलू नका, नाहीतर या दोन गोष्टी आजींच्या मनात जोडल्या जातात.

कॅथलिक घरांसाठी, कारण इथं तेही वाचत असतील: फादरना शेवटच्या रात्री बोलावू नका. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार मरणाऱ्यांपुरताच नाही, 1972 च्या नव्या विधीत तो कुठल्याही गंभीर आजारात घेता येतो आणि आजार बळावला की पुन्हाही. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. माणूस शुद्धीत असताना झाला तर त्याला त्या स्पर्शाचा आधार मिळतो. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्यांना लागू नाही. गिळायला त्रास असेल तर होस्तियाचा (ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचा) अगदी लहान तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर देता येतो. तेही जमत नसेल तर फादरना आधी कळवा, पवित्र रक्ताचे, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या द्राक्षारसाचे, थेंब देण्याची सोय आहे.

आता सूनबाई. रात्रीचं जागरण करणाऱ्या माणसाला देव जाणवत नाही तेव्हा आधी झोप आणि जेवण मोजा. 1 राजे 19 मध्ये थकलेला संदेष्टा एलीया मरण मागतो. दूत त्याला उपदेश करत नाही, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं देतो, झोपू देतो, आणि उठवून पुन्हा खायला घालतो. देवाची मंद वाणी त्याला होरेब डोंगरावर ऐकू येते, ती त्यानंतर. तेव्हा तुमच्या पाच जणांपैकी दोघांनी आठवड्यातून दोन रात्री वाटून घ्या, दहा ते पाच. दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच मन नाही, "मी नसले तर बरं" असे विचार, असं दिसलं तर तो विश्वासाचा कोरडेपणा समजू नका. डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

एवढं करूनही कोरडेपणा राहिला तर घाबरू नका. मदर तेरेसा गेल्यानंतर 2007 मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली. अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता, हे त्यांत त्यांनीच लिहिलं आहे, आणि त्या काळातही त्यांनी प्रार्थना सोडली नव्हती. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा नियम इथं उपयोगी पडतो: उदासीच्या काळात आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. उपासनेला येणं सोडायचं का, मंडळी बदलायची का, हे आत्ता ठरवू नका.

पुनरुत्थान_दिन

सगळं ठीक, पण बरं होण्यासाठी प्रार्थना करायचीच नाही का? तुमच्या उत्तरांत तो विषयच नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं याकोब 5 सांगतो ना?

स्तोत्रवाचक

करायची, आणि आडवळणं न घेता. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला दूर व्हावा असं तीनदा मागितलं. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली. मागणं आधी पूर्ण मागा, "तुझी इच्छा" त्याच्या पाठोपाठ. सुरुवातीलाच "तुझी इच्छा असेल तर" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, मागणाऱ्यानेच आशा सोडली आहे. मात्र तारखा देऊ नका, "मला वचन मिळालं आहे" म्हणू नका, औषध थांबवायला सांगू नका. तीनदा मागूनही येशूचा प्याला टळला नाही, आणि पौलाचा काटाही निघाला नाही, हे आजींपासून लपवायचं कारण नाही. गेथशेमानेत येशूने शिष्यांकडेही काहीतरी मागितलं होतं: माझ्याबरोबर जागे राहा. ते तुमच्या पाच जणांच्या हातात आहे.

रात्रपाळीला बसणाऱ्यासाठी स्तोत्र 88 घेऊन जा. ते अंधार या शब्दावर संपतं, शेवटी आनंद नाही, स्तुती नाही. पण त्यात हाक तीनदा आहे: पहिल्या वचनात रात्रंदिवस, नवव्यात रोज, तेराव्यात पहाटे. साडेतीनच्या सुमाराला आजी कण्हू लागल्या आणि डोसला अजून अर्धा तास असला तर तेरावं वचन हळू आवाजात वाचा, डॉक्टरांनी जादा डोस लिहून दिला आहे का तो कागद बघा, आणि सूनबाईंना तेवढ्यासाठी उठवू नका.