सांगली-साताऱ्याच्या माळांवर टर्बाइनची मॉडेल विमाने उडवावीत का?

कृष्णाकाठ (सांगली):
आपल्या भागातील काही हौशी मंडळी जमिनीवरून रेडिओने नियंत्रित होणारी, विजेवर चालणारी मॉडेल विमाने बाजूला ठेवून रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या जेट इंजिनांकडे, म्हणजे टर्बाइनकडे, वळू पाहत आहेत. 1990 च्या सुमारास जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी साध्या कार्यशाळेत लाकडी कंप्रेसरचे (आत येणारी हवा दाबणाऱ्या चाकाचे) टर्बाइन चालवून दाखविले, त्या कर्तृत्वाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही आपल्याकडे उपलब्ध असलेल्या जागांवर ही इंजिने उडवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, बाहेर पडणारा वायू 500 ते 700 अंश सेल्सिअस तापलेला असतो आणि विमानात दोन-तीन लिटर इंधन भरलेले असते. ऊसतोडणीच्या हंगामात शेतात वाळलेले पाचट पसरलेले असते आणि पुढे उन्हाळ्यात पठारांवरील गवत वाळते. असे विमान तेथे कोसळले, तर आग एका बांधावर थांबणार नाही आणि नुकसान ज्याचा या छंदाशी काही संबंध नाही अशा शेतकऱ्याचे होईल.

माळरान (कराड):
आपली काळजी रास्त आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. लिथियम-पॉलिमर बॅटरी आदळून फुटली, तर तीही पेट घेते आणि ती विझविणे अवघड असते. रॉकेल पेट्रोलइतके सहज पेटत नाही, हेही लक्षात घ्यावे. खरा धोका वेग आणि वजन यांत आहे. ताशी 200 किलोमीटर वेगाने जाणारे 12 किलोचे विमान सेकंदाला 55 मीटरहून अधिक अंतर कापते, मग ते विजेवर चालो वा रॉकेलवर. 2021 च्या ड्रोन नियमांनीही मनोरंजनासाठीच्या मॉडेलची व्याख्या करताना 25 किलोपर्यंतचे वजन आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवणे याच गोष्टी पाहिल्या आहेत.

द्राक्षबाग (तासगाव):
सुरक्षितता क्षणभर बाजूला ठेवली, तरी व्यवहाराचा प्रश्न उरतोच. एक बारीक खडा आत ओढला गेला, तरी कंप्रेसरची पाती खराब होतात, त्यामुळे मुरमाड माळ उपयोगाचा नाही आणि स्वच्छ, डांबरी धावपट्टी सहज मिळत नाही. लाखाच्या घरातील इंजिन ठरावीक तासांनी बेअरिंग बदलण्यासाठी बहुधा परदेशी पाठवावे लागते. शिवाय थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) वाढविल्यावर विमानाला पुढे ढकलणारा रेटा काही क्षण उशिरा येतो. उतरताना चूक लक्षात आल्यावर तेवढा वेळ हाती नसतो, आणि नवख्याची विमाने नेमकी येथेच पडतात.

कृष्णाकाठ:
वेगाबद्दलचा माळरान यांचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु बॅटरी जेथे पडते तेथेच जळते, तर फुटलेल्या टाकीतील इंधन तापलेल्या इंजिनावर उडून आजूबाजूला पसरते. हा फरक कोरड्या पाचटात निर्णायक ठरतो.

माळरान:
मग सरसकट बंदीऐवजी हंगाम ठरवू या. पावसाळा संपल्यावर माळ हिरवे असतात, तेव्हाच उड्डाण करावे. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी असावे. रेडिओ-संपर्क तुटताच इंजिन आपोआप बंद होईल अशी व्यवस्था असावी, आणि प्रत्येक दिवशी पहिल्या उड्डाणाआधी विमान घट्ट धरून व ट्रान्समीटर (हातातील रेडिओ-नियंत्रक) बंद करून ती सर्वांसमोर तपासावी. ज्याला हे जमणार नाही, त्याचे टर्बाइन जमिनीवरच राहावे, याबाबत मी आपल्याइतकाच आग्रही आहे.