गेमिंग लॅपटॉपवर एफपीएस अचानक का पडतायत?

खेळिया: मंडळी, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आहे, गेम सुरू केला की १२० एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मस्त मिळतात आणि मग थोड्या वेळाने एकदम धपकन ३० वर येतं, जरा रखडतं नि आपोआप ठीक होतं. ड्रायव्हर नवीन टाकला, सेटिंग लो केलं, काडीचा फरक नाही.

गरमपंखा: लो करूनही तेवढेच पडतात म्हणजे क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येतोय रे. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरचा ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लाव आणि पडतात त्या क्षणी सीपीयूचं टेम्परेचर नि क्लॉक बघ. ९५-१०० डिग्री दिसलं तर थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यामुळे लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतोय, जाळीतली धूळ काढ. गादीवर ठेवून खेळत असशील तर बोलायलाच नको 😄

खेळिया: टेम्परेचर ७८ च्या वर जात नाही पण क्लॉक थेट ४०० मेगाहर्ट्झ!! टाइप-सी चार्जरवर खेळतो, मूळ अडॅप्टर विटेएवढा जड म्हणून हॉस्टेलला आणलाच नाही.

चहाबाज: मग चोर सापडला की! तो टाइप-सी चार्जर ६५ वॅटचा असणार, आणि गेममध्ये सीपीयू-जीपीयू (ग्राफिक्सची चिप) मिळून शंभरच्या आसपास सहज खातात, कमी पडलेलं बॅटरीतून ओढतात नि तेही पुरेना झालं की लॅपटॉप क्लॉक आवळतो. प्लग लावलेला असूनही बॅटरीचे टक्के उतरतायत का बघ. अडॅप्टर घरून मागव, तोवर एफपीएस ६० ला लॉक कर. कोणीतरी थ्रॉटलस्टॉप सॉफ्टवेअरमधून बीडी प्रोचॉट (धोका दिसला की सीपीयूचा वेग उतरवणारा सिग्नल) बंद कर म्हणेल, नको करूस, ते संरक्षणासाठीच असतं.