माफ करणं आणि सोडून देणं यात फरक आहे
कुणीतरी लिहिलंय की ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा’ ही येशूची बायबलमधली शिकवण म्हणजे गुन्हेगाराला रान मोकळं. अजिबात पटलं नाही. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननची केस बघा, मूळची केरळची, मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासींना सावकारीतून सोडवायचं काम करायची, म्हणून 1995 मध्ये समंदर सिंहने तिला बसमध्ये सुऱ्याने भोसकून मारलं, त्याला जन्मठेप लागली आणि त्यातली सुमारे अकरा वर्षं त्याने भोगलीही. पण 2002 मध्ये तिची सख्खी धाकटी बहीण, तीही ननच, सिस्टर सेल्मी, थेट तुरुंगात गेली आणि त्याच्या मनगटावर राखी बांधून आली! पुढे राणी मारियाच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्जावर सह्या केल्या, 2006 मध्ये सुटला तो, मग केरळला त्यांच्या घरी गेला तर म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचा मुका घेतला. ज्या हातांनी मुलीला मारलं तेच हात, मला तर वाचतानाही भरून येतं.

म्हणजे कोर्टाचं काम कोर्टाने केलंच ना, सुटकेची सही त्यानंतर आली, आणि ती द्यायला कुणी त्यांना भाग पाडलं नव्हतं. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियाला चर्चने ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा समंदर सिंह तिथे हजर होता.