वॉशिंग मशीनची घरघर आणि 'झीज आहे, वॉरंटीत बसत नाही'

ओलेचिंब:
नमस्कार मंडळी. फ्रंट लोड मशीन आहे, तीन वर्षं पाच महिने झाले. कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली. पण घेताना दुकानदाराने पुढच्या तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली होती. 'काही झालं तरी आम्ही आहोत ना ताई' हे त्याचं वाक्य.

दोन महिन्यांपासून स्पिनला घरघर येतेय. आधी वाटलं नाणं अडकलं असेल, म्हणून खालचा फिल्टर उघडला. एक हेअरपिन आणि मोज्याच्या लोकरीचा बोळा निघाला, आवाज तसाच. आता स्पिनचा वेग १२०० फेऱ्यांवर गेला की शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. गेल्या आठवड्यात उशीच्या पांढऱ्या खोळीवर तपकिरी, तेलकट डाग आला.

दुकानातर्फे टेक्निशियन आला. मागचं झाकणसुद्धा न काढता पाच मिनिटं ऐकलं, जॉब शीटवर 'नॉर्मल वेअर अँड टेअर' लिहिलं आणि माझी सही घेऊन गेला. दोन दिवसांनी मेसेज, क्लेम नामंजूर. दुकान म्हणतं, आम्ही फक्त विकतो, वॉरंटी दुसऱ्या कंपनीची. ती कंपनी म्हणते, दुकानात जा. सही करून मी हात कापून दिले का? आणि झीज म्हणजे काय हो? मशीन फिरायलाच घेतलंय ना, शोकेसमध्ये ठेवायला नाही.

जुना पान्हा:
ताई, ही कामं मी बरीच वर्षं केली आहेत. आधी एक करून बघा. प्लग काढा, दार उघडा, आतल्या ड्रमची वरची कड धरून वर उचला. आतला आणि बाहेरचा टब दोन्ही एकत्र डुलले तर काळजी नाही, ते स्प्रिंगवरच लटकलेले असतात. पण आतला एकटाच 'टक' करून हलला, तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो तो भाग, गेलं. मग ड्रम हाताने फिरवा आणि कान लावा. जात्यासारखी घरघर येईल.

तुमचा तेलकट डाग तेच सांगतोय. बेअरिंगच्या पुढे एक रबरी सील असतं. आधी ते पाणी सोडतं, पाण्याने ग्रीस धुऊन जातं, मग गंज धरतो. म्हणजे मूळ बिघाड सीलचा, बेअरिंग त्याचा बळी. न उघडता कानाने 'झीज' ठरवणारा माणूस टेक्निशियन नव्हे, ज्योतिषी.

आणि मशीन आजपासून बंद. चालवत राहिलात तर शाफ्ट, म्हणजे तो दांडाही खराब होतो, वर 'तुम्हीच वाढवलंत' म्हणायला ते मोकळे.

उलटा चष्मा:
या वॉरंट्या घेऊच नयेत. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.

फाईलवाली:
@उलटा चष्मा, घेऊन झालीये हो त्यांची. आता काय करायचं ते सांगा.

ओलेचिंब, सहीच्या वर काय छापलंय ते वाचा. बहुतेक वेळा 'भेट झाली' एवढंच असतं, 'निदान मान्य' असं नसतं. मग वॉरंटीची पुस्तिका काढा, माहितीपत्रक नव्हे. 'यात समाविष्ट नाही' ही यादी बघा. दाराचं रबर, पाइप, फिल्टर, बटणं हे सहसा वगळलेलं असतं. बेअरिंग नावाने वगळलंय का, हा खरा प्रश्न.

फोन बंद करा. ईमेल लिहा, दुकान आणि ती कंपनी दोघांना एकाच मेलमध्ये, म्हणजे चेंडू टोलवता येत नाही. दोनच गोष्टी विचारा: कोणत्या कलमाखाली नाकारलं, आणि मशीन न उघडता कारण कसं ठरवलं. बिल, सीरियल नंबरचा फोटो, आवाजाचा व्हिडिओ जोडा. माझ्या फ्रिजच्या वेळी फोनवर दीड महिना गेला होता, मेलला चार दिवसांत माणूस आला. तोवर बाहेरचा मेकॅनिक आणून मशीन उघडू नका, तेच निमित्त होतं.

ओलेचिंब:
अपडेट. ड्रम उचलला, चांगला बोटभर हलला, आणि टक! व्हिडिओ काढला. पुस्तिकेच्या यादीत दाराचं रबर आहे, रंग उडणं आहे, बेअरिंग नाही. सहीच्या वर खरंच फक्त भेटीची नोंद होती. मेल टाकला. आज दुसरा टेक्निशियन आला, याने मागचं झाकण काढलं. टबच्या मधोमध गंजाचा ओघळ, खालपर्यंत. त्याने जॉब शीटवर 'सील लीक, बेअरिंग निकामी' लिहिलं. मी आधी वाचलं, मग सही केली.

आता म्हणतात टब जोडलेला आहे, उघडत नाही, पूर्ण टबच बदलावा लागेल. हे खरं की पुन्हा टोलवाटोलवी?

जुना पान्हा:
खरं असू शकतं. हल्ली बऱ्याच मशीनमध्ये बाहेरचा टब वितळवून सांधलेला असतो, नट-बोल्ट नसतात. पूर्ण टब मिळतोय तर घ्या, सील-बेअरिंग सगळं नवं येतं. बसवल्यावर टेक्निशियनला लगेच सोडू नका. रिकामं मशीन स्पिनपर्यंत चालवायला लावा आणि खाली टॉर्च मारून पाणी टिपकतंय का ते स्वतः बघा.

ओलेचिंब:
बघते. खोळ न धुता तशीच ठेवलीये, लागली तर.