पायांची आग, बी-ट्वेल्व्ह आणि औदुंबरची वारी

भिलवडीची माहेरवाशीण, सांगली

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मला बरं वाटलं ते बी-ट्वेल्व्ह या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी आणि दत्त महाराजांनी. दोघांपैकी एकाचं नाव गाळा असं मला कुणी सांगू नये. घरात भाचा सांगतो, भजनी मंडळातल्या बायका उलट बाजूनं सांगतात. त्याला देव नको, त्यांना डॉक्टर नको.

शुगर जुनी आहे. शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, तेव्हापासून चालू. मग पायांची आग सुरू झाली. रात्री गार फरशीवर तळवे टेकवून बसायचं. मुंग्या तर कायमच्या. चप्पल पायातून निसटून मागं राहिली तरी कळायचं नाही, शेजारीण हाक मारून सांगायची. जिथं जाईन तिथं एकच उत्तर, "शुगरचंच आहे, कंट्रोल करा."

शेवटी मिरजेत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वेगळंच विचारलं. मेटफॉर्मिन किती वर्षं घेता? मांस-मच्छी, अंडी खाता का? आम्ही माळकरी, अंडंसुद्धा नाही. त्यांनी रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह १४०. दोनशेच्या खाली गेलं की कमी म्हणतात. इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. आग लगेच गेली नाही, महिने गेले. पण गेली. मुंग्या अजून थोड्या आहेत.

त्याच काळात मी दर पौर्णिमेला औदुंबरला जाऊ लागले आणि रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत पायी जाऊन यायचं ठरवलं. औषधं लिहून घेऊन डबीतच ठेवणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. मी ठेवली नाहीत, कारण महाराजांपुढं कबूल केलं होतं. येत्या दत्तजयंतीला सांगलीहून औदुंबरपर्यंत अनवाणी चालत जायचा नवस आहे, तो फेडणार आहे.

आता बोला.

अजिंक्यतारा, सातारा

ताई, पाय बरे झाले ते वाचून बरं वाटलं. पण तुमच्याच हकिकतीत सगळं उत्तर आहे आणि तुम्ही ते दोघांत वाटून टाकताय.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बी-ट्वेल्व्ह नीट शोषलं जात नाही. हे माहीत असलेलं आहे, गूढ काही नाही. त्यात हे जीवनसत्त्व मिळतं फक्त प्राणिजन्य अन्नातून. शाकाहारी माणसाला आधार काय तो दूध-दह्याचा. यकृतात साठा असतो, म्हणून कमतरता दिसायला वर्षं लागतात आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजेक्शन दिलं, साठा भरला, नसा सावरल्या. यात महाराजांना काम कुठं उरलं?

१९२६ च्या आधी पर्निशियस अॅनिमिया नावाचा रक्तक्षय झालेला माणूस वाचत नसे. मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांना रोज भरपूर कलेजी खाऊ घातली आणि माणसं उठून बसली. १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. कलेजीत काय होतं ते १९४८ मध्ये वेगळं काढता आलं, तेच तुमचं बी-ट्वेल्व्ह. प्रार्थना १९२६ च्या आधीही होत्या आणि नंतरही. बदललं होतं ते ताट.

मी दाभोलकरांच्या गावचा आहे. ते स्वतः मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. कुणी देव मानला म्हणून त्यांचं भांडण नव्हतं. देवाच्या नावावर कार्यकारणभाव गुंडाळला जातो त्याच्याशी होतं.

भिलवडीची माहेरवाशीण

दादा, इंजेक्शननं नसा सावरल्या हे मीच लिहिलंय, तुम्ही मला तेच परत समजावताय. माझा मुद्दा वेगळा. चाला, चाला असं डॉक्टर कधीपासून सांगत होते. गेले का मी? आमराई इथंच आहे, बागा आहेत, सगळं आहे. गेले ती गणपतीसाठी. तीन महिन्यांची साखर उतरली ती चालण्यानं, असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. आता ते चालणं कुणाच्या खात्यावर मांडू?

अजिंक्यतारा

चालण्याच्या. बागेत चालला असता तरी साखर तेवढीच उतरली असती.

भिलवडीची माहेरवाशीण

चालले असते तर ना.

निरोगी जीवन परिवार, इस्लामपूर

ताई, तुमची श्रद्धा बघून धन्य वाटलं. पण इंजेक्शन हा वरवरचा उपाय. डॉक्टर लोक गोळ्या वाढवतच नेतात. आमच्या सत्संगात सकाळी प्रार्थना आणि मग चौतीस जीवनसत्त्व-खनिजांची पावडर असा नियम आहे. शरीर आतून स्वच्छ झालं की मधुमेह मुळातून जातो आणि गोळ्या हळूहळू सुटतात. कितीतरी लोकांचा अनुभव आहे. डबा महाग वाटेल, पण स्वतः सभासद झालात आणि चार जणांना जोडलंत तर तुम्हाला फुकट पडेल. अनुभव घेतल्याशिवाय बोलू नये एवढंच.

काउंटरपलीकडून, विश्रामबाग

माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणजे व्हिटॅमिन विकून मीही पोट भरतो. म्हणून हे लिहायचा मला जास्त अधिकार आहे असं समजा.

पहिलं, मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज नावाचा कायदा, त्याच्या यादीत मधुमेह आहे. दुसरं, तुमचा डबा हातात घेऊन उलटा करा. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. जे कंपनी स्वतः डब्यावर नाकारते ते तुम्ही सत्संगात कबूल करताय.

आता 'व्हिटॅमिनच तर आहे, त्यानं काय होतंय' हे रोज ऐकायला मिळणारं वाक्य. काय होतंय ते सांगतो. बी-सिक्स घ्या. रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास. ते शंभरांच्या हिशेबात महिनोन्महिने घेतलं तर पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी माणूस गोळी मागतो तीच तक्रार गोळीतून मिळते, मग तो आणखी एक गोळी मागतो. एकाच वेळी नसांची कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन आणि असा डबा घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं आहेत. तिन्हींत बी-सिक्स असतं आणि बेरीज कुणी करत नाही.

व्हिटॅमिन डी ची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. रोज एक घेऊन टाकणारे लोक असतात. रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, पुढं किडनीवर जातं. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्याचा थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड भरपूर दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. रिपोर्ट बघून घरचे खूष, इकडं पाय गेलेले.

निरोगी जीवन परिवार

म्हणजे ताईंनी व्हिटॅमिन घेतलं ते विज्ञान आणि आम्ही दिलं की फसवणूक? तुमच्या दुकानातून घेतलं नाही हाच आमचा गुन्हा.

काउंटरपलीकडून

ताईंनी आधी मोजलं, कमी होतं, तेवढंच भरलं, परत मोजलं. तुमच्या पावडरीत कोण काय मोजतं? आणि माझ्या दुकानातूनही मोजल्याशिवाय घेऊ नका, बिनधास्त लिहितोय.

माणदेशी, गोंदवल्याजवळचा

मी नामावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, म्हणून सत्संगात डबे विकणाऱ्यांचा राग मला अजिंक्यतारावाल्यांपेक्षा जास्त येतो. आमच्याकडं गोंदवलेकर महाराजांच्या समाधीला लोक येतात ते नाम घ्यायला. नाम घेतलं की साखर उतरेल असा सौदा नाही तो. दुखणं असेल तर औषध घ्यावं आणि नामही घ्यावं, इतकं साधं आहे. 'भक्तीनं घेतलं तर गुण येईल' या बोलण्यातली लबाडी कळते का? गुण आला तर पावडर चांगली, नाही आला तर तुमची भक्ती कमी. विकणारा दोन्हीकडून मोकळा.

ताईंना एक सांगतो. गुरुचरित्रात पोटशूळानं त्रासलेला ब्राह्मण जीव द्यायला नदीवर जातो, ती कथा तुम्ही वाचली असणारच. स्वामींनी त्याला काय दिलं? भरपेट जेवण. ज्या अन्नाला तो भीत होता तेच औषध म्हणून दिलं.

अजिंक्यतारा

माणदेशी, तुमचं बाकीचं पटलं, पण ही कथा इथं आणू नका. ती वाचून कुणी पोटात दुखत असताना पुरणपोळी खाऊन बसेल. कथेत गुण येतोच, दवाखान्यात सगळ्यांना येत नाही. आणि बरे झालेलेच फक्त हकिकती लिहितात हेही विसरू नका. औदुंबरला गेलेल्या आणि पाय न सुधारलेल्या बायका इथं धागा काढायला येणार नाहीत.

माणदेशी

कथा म्हणून वाचावी एवढी अक्कल लोकांना असते हो.

अजिंक्यतारा

सगळ्यांना नसते, म्हणून तर २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. साप चावला तर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं त्यात गुन्हा ठरवलंय. प्रार्थनेला कुणी हात लावलेला नाही. उपचार अडवला तिथं रेघ मारलीय. ताईंच्या बाबतीत ती रेघ ओलांडली गेलेली नाही हे मला मान्य आहे. श्रेय वाटण्यावर मात्र माझं म्हणणं तेच राहील.

कवठ्याची लेक, सध्या पुण्यात

वडिलांचं उलटं झालं ते लिहिते. त्यांची भक्ती ताईंसारखीच. नवरात्रात नऊ दिवस उपवास, पाण्यावर. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमानं घेत राहिले, कारण 'औषध चुकवायचं नाही' हे पण मनावर घेतलेलं. पोटात काही नाही आणि गोळी साखर खेचतेय. अष्टमीला घामानं ओलेचिंब, जीभ जड, कुणाला ओळखेनात. घरच्यांना वाटलं अंगात आलंय. शेजारच्या नर्सबाईंनी मशीन लावून बघितलं, साखर पार खाली. दोन चमचे साखरेचं पाणी आणि मग दवाखाना. वाचले.

श्रद्धा आणि औषध दोन्ही नेमानं पाळून हे झालं. दोन्ही एकमेकांशी बोलली नाहीत. आता उपवासाआधी डॉक्टरांना विचारतात, आणि साबुदाणा बंद केलाय, कारण त्यानं साखर उलट भलतीच चढते. आई अजून चिडते की व्रत मोडलं.

ड्रेसिंगरूम, मिरज

सगळे श्रेयावर भांडताय आणि ताईंनी शेवटच्या ओळींत काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. अनवाणी. सांगली ते औदुंबर.

ताई, मी दवाखान्यात पायाच्या जखमा धुण्याचं काम करतो, बरीच वर्षं झाली. चप्पल निसटलेली कळत नव्हती असं तुम्हीच लिहिलंय. मुंग्या अजून आहेत म्हणता. म्हणजे आग गेली, पण पायाची जाण पूर्ण परत आलेली असेलच असं नाही. आग जाणं आणि जाण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला खिळा घुसला तर दुखणार नाही, तोच धोका आहे. दुखलं असतं तर थांबला असता.

दत्तजयंतीला थंडी असते, डांबर भाजत नाही, म्हणून लोकांना वाटतं सोपं आहे. पण तेव्हाच तुमच्याकडं ऊसतोडी जोरात. रस्त्यावर चिपाडं, ट्रॉलीतून पडलेल्या तारा, काचा. चिपाडाचं टोक सुरीसारखं असतं. माणूस घरी येतो, पाय धुतो, झोपतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास यायला लागतो तेव्हा आमच्याकडं आणतात. मग बोटावर भागलं तर नशीब.

श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. ड्रेसिंगच्या टेबलावर रोगी डोळे मिटून नाव घेतो तेव्हा मीही मनात घेतो.

भिलवडीची माहेरवाशीण

नवस बोललेला आहे हो. आमच्याकडं बोललेला नवस फिरवत नाहीत.

माणदेशी

ताई, चालत जायचं बोललात ना? ते मोडू नका. चपलेचं महाराजांशी मी बोलतो, पाप लागलं तर माझ्या नावावर.

अजिंक्यतारा

माणदेशी, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या महाराजांच्या बाजूनं बोलतोय, लिहून ठेवा. ताई, त्यांचं ऐका.

निरोगी जीवन परिवार

आमच्या पावडरीनं जखमा लवकर भरतात.

काउंटरपलीकडून

तुम्ही गप्प बसा हो.

भिलवडीची माहेरवाशीण

बूट घालून गेले आणि देवळाच्या पायरीशी काढले तर? आत तर काढावेच लागतील. घाटाच्या दगडी पायऱ्या आहेत, गार असतात.

ड्रेसिंगरूम, मिरज

चालेल. बूट नवे नकोत, आठ-पंधरा दिवस घरात वापरून मऊ केलेले घ्या. घालायच्या आधी दर वेळी हात घालून आत खडा-बिडा नाही ना बघा. देवळात मोजे पायातच ठेवा, पांढरेच घ्या, रंगीत नको. रक्त आलं तर पांढऱ्यावर दिसतं, तुम्हाला दुखून कळायचं नाही. आणि परत आल्यावर तळवे भाच्याला दाखवा. देव मानत नाही म्हणता ना तो, पाय तरी नीट बघेल.