नर्सिंगची नोकरी शोधताय पण कामावर बंधनं आहेत? अनुभव लिहा

कोथरूडची सिस्टर
पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ऑर्थोवाल्यांनी लिहून दिलंय, जड उचलायचं नाही, नाईट नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, आयसीयूत काम केलंय, इंटरव्ह्यू मस्त होतो, मेट्रन अगदी 'कधीपासून येताय'पर्यंत येतात आणि फिटनेसचा कागद पुढे केला की 'कळवतो हं'. पुण्यात 'कळवतो'चा अर्थ सांगायला नको. तर ज्यांना काम येतं पण सगळं करायची मुभा नाही, मग कारण तब्येत असो, रजिस्ट्रेशन असो की कौन्सिलच्या अटी, त्यांनी लिहा ना. धीर कसा धरला ते लिहा, फक्त 'पॉझिटिव्ह राहा' नको, ते रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतंच.

ब्रदर पिंपरीवाला
मी बेळगावचा, रजिस्ट्रेशन कर्नाटकचं. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो तर इथे स्टाफ नर्स म्हणून लागायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर पाहिजे, त्याला तिकडची एनओसी, मग व्हेरिफिकेशन, फाईल फिरत बसली. मधल्या काळात एक नर्सिंग ब्युरोवाला म्हणे कागदावर अटेंडंट दाखवतो, काम सिस्टरचंच कर, इंजेक्शनं, आयव्ही सगळं. नको म्हटलं, उद्या काही झालं तर तो हात वर करणार आणि मी अडकणार. शेवटी टीपीएत (विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीत) लागलो, कॅशलेसच्या फाईली तपासायच्या. रविवारी सुट्टी मिळते हो! पण पेशंट नाही, ते फार लागलं. डिस्चार्ज समरी वाचता वाचता मनात केअर प्लॅन लिहायचो, हसू नका. आता नंबर आलाय तर वॉर्डात जाऊ की इथेच राहू ते ठरत नाहीये.

माहेर सदाशिव पेठ
माझं प्रकरण इंग्लंडमधलं. तक्रार झाली आणि एनएमसीने (तिथल्या नर्सिंग कौन्सिलने) 'कंडिशन्स ऑफ प्रॅक्टिस' लावल्या. म्हणजे लायसन्स असतं पण सुपरव्हिजनखाली काम, शिफ्टची इनचार्ज व्हायचं नाही, एजन्सीचं काम बंद (प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, या माझ्या). ऑर्डर 3 वर्षांपर्यंतची असू शकते आणि अटी ऑनलाईन रजिस्टरवर दिसतात, त्यामुळे लपवायचा प्रश्नच नाही, एम्प्लॉयरला दाखवाव्याच लागतात. खरी कोंडी पुढे आहे, रिव्ह्यूला मॅनेजरचा रिपोर्ट मागतात, नोकरी नाही तर रिपोर्ट कुठला आणि रिपोर्ट नाही तर अटी सुटणार कशा? रडून झालं, आईशी फोनवर भांडून झालं (ती म्हणे सगळं सोडून परत ये). मग केअर होममध्ये केअर असिस्टंट म्हणून लागले, अटींचा कागद पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवला. अंघोळी घालणं, भरवणं, पगार कमी. पण तिथल्या मॅनेजरने माझ्या कामाबद्दल पत्र दिलं, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं जोडली आणि पॅनेलपुढे रिकाम्या हाताने जावं लागलं नाही. अटी अजून आहेत, पण आता त्याच होममध्ये नर्स म्हणून घेतलंय.

रिटायर्ड इनचार्ज
कोथरूडच्या मुली, तुला कोणीतरी सीएसएसडी (अवजारं निर्जंतुक करायचा विभाग) सुचवेल, हलकं काम म्हणून. अजिबात नाही. ऑर्थोचे इन्स्ट्रुमेंट सेट उचलून बघ एकदा. ओपीडी, लसीकरण, इन्फेक्शन कंट्रोल, एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) कागदपत्रं, हे बघ. आयसीयूवाल्या मुलींना इन्फेक्शन कंट्रोल चांगलं जमतं, व्हेंटिलेटर आणि सेंट्रल लाईनचे बंडल (इन्फेक्शन टाळायच्या ठरलेल्या पायऱ्या) तोंडपाठ असतात. आणि फोनवरच सांगून टाक काय जमत नाही ते, म्हणजे फुकट हेलपाटा नाही. मी स्वतः मुलाखती घ्यायचे, शेवटी कागद काढणाऱ्यांचा मला राग यायचा.

पीएमपीप्रवासी
मॅडम, माफ करा, फोनवर सांगितलं की एचआरवाले फोनच ठेवतात. तुम्ही मुलाखत घ्यायचात, पण तुमच्यापर्यंत आम्ही पोचायला तर हवं. मला फिट येत असे, आता गोळ्यांवर बरा आहे पण नाईट बंद, मी समोर बसल्यावर सांगतो, सुरुवातीलाच. नोकरी अजून नाही, तेव्हा माझं किती ऐकायचं तुम्ही ठरवा. धीराचं म्हणाल तर मित्राच्या क्लासवर मुलांना सीपीआर शिकवतो, पैसे चहापुरते, पण आठवड्यातून एकदा कोणीतरी 'सर, परत दाखवा' म्हणतं, तेवढ्यावर पुढचे फोन होतात.

कोथरूडची सिस्टर
मॅडम, सीएसएसडीला अर्ज करणारच होते, वाचवलंत. हडपसरला एका ठिकाणी इन्फेक्शन कंट्रोलची जागा आहे, फोनवर सांगितलं सगळं, तरी गुरुवारी या म्हणाले. पीएमपीप्रवासी, तिथे डे शिफ्टची ओपीडीही भरतायत, व्यनि (खाजगी मेसेज) करते, बघा.