३३वा आठवडा, कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली (एल-५ एस-१ची) गादी सरकलीय. नॉर्मल होईल का?

तासगावची_लेक
पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेय. डोहाळजेवणाला तासभर पाटावर बसले आणि उठताना कमरेत उसण भरली. तेव्हापासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघते ती पोटरीवरून थेट पायाच्या करंगळीपर्यंत. एमआरआयला एक्स-रेसारखे किरण नसतात असं डॉक्टरांनी समजावलं, म्हणून धीर करून काढला, कुशीवर झोपवून. गादी बरीच बाहेर आलीय, शीर दबलीय. गेल्या आठवड्यापासून डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. रात्री कूस बदलायची तर आईला उठवावं लागतं, ती माझ्या पायथ्याशीच झोपते. सासूबाई म्हणतात चोळणाऱ्याला दाखव. घरात डायक्लोफेनॅकची, म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्यांची, स्ट्रिप आहे, अजून घेतली नाही. आणि सगळ्यांनी सिझर ठरवूनच टाकलंय.

कराडची_आई
बाई गं, मी सोसलंय हे. ती स्ट्रिप आधी घरातून काढ. या दिवसांत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नकोच. बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची असते, ती आधीच आकसू शकते, गर्भजलही कमी होतं. मला पॅरासिटॅमॉल दिली होती, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. चोळणाऱ्याकडे तर पाऊलही टाकू नकोस.

उठताना सरळ उठायचं नाही. गुडघे दुमडून आख्खी कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड, मग कोपरानं रेटा देत बस. गुडघ्यांमध्ये जाड उशी आणि पोटाखाली जुन्या लुगड्याची घडी. मला उशीपेक्षा घडीच बरी वाटायची, सरकत नाही. उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आणा.

माझी नॉर्मल झाली, कुशीवर झोपूनच. नुसत्या गादीमुळे सिझर करावंच लागतं असं नाही. पण माझ्या पायातली ताकद गेली नव्हती गं.

मिरज_सिस्टर
मी प्रसूती विभागात काम करते. चवड्याचं डॉक्टरांना सांगितलंय का? आणि स्पष्ट विचारते, लाजू नका: लघवी अडते का? झालेली कळते का? बसायची जागा, मांड्यांची आतली बाजू बधीर वाटते का? यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. लघवीवर ताबा ठेवणाऱ्या शिराही कमरेतूनच जातात, त्या गादीखाली जास्त वेळ दबून राहिल्या तर नुकसान कायमचं होतं. गरज पडली तर गरोदरपणातही मणक्याचं ऑपरेशन करतात. आठवा महिना आहे, बाळंतपणानंतर बघू, असं घरात कुणी म्हणालं तरी थांबू नका.

तासगावची_लेक
ताई, दोन दिवस लघवीला जोर करावा लागतोय. पोटाच्या भारानं असेल म्हणून कुणाला बोललेच नाही. आता आईला सांगितलं. बाबा गाडी काढतायत, मिरजेलाच येतोय.

मिरज_सिस्टर
एमआरआयची फाइल हातात ठेवा, भूलतज्ज्ञांनाही लागेल. गाडीत मागच्या सीटवर कुशीवर झोपा. आणि पोचल्यावर कंबर दुखते असं सुरू करू नका. "लघवीला जोर लागतोय, पायातली ताकद गेलीय", हे पहिलं सांगा.